अंगठ्यापुरती कडी

तोकमोकच्या बाजारातून मक्सिम घेऊन घरी निघालेली बाई कधी पाहावी. जवाचं ते आंबवलेलं, थंडगार पेय पाच लिटरच्या बाटलीत येतं, आणि घरी पाव्हणे असले की एका बाटलीनं भागत नाही. मग दोन हातांत दोन. बाटलीच्या मानेला प्लास्टिकची मूठ असते, ती बोटांत रुतते. थोडं चाललं की बाई थांबते, बाटल्या खाली टेकवते, लाल झालेल्या बोटांवर फुंकर घालते, पुन्हा उचलते. देवानं माणसाला ओझं दिलं ते खांद्यावर वाहायला, बोटांच्या पेरांवर नव्हे, असं असिलकानचं म्हणणं होतं. म्हणणं कसलं, तिची ती श्रद्धाच होती.

असिलकान मक्सिमच्याच एका छोट्या कारखान्यात पॅकिंगच्या शेडमध्ये कामाला होती. तिचा जावई उलान त्याच कारखान्यात विक्रीचं पाहायचा. वसंतात मालकानं सगळ्यांना शेडमध्ये बोलावून सांगितलं की, मोठ्या बाटल्या सहज नेता येतील असं वेष्टन ज्याला कुणाला सुचेल, त्याचं नाव आपण खोक्याच्या तळावर छापू. तळावर म्हटल्यावर पोरी हसल्या. तिथं कोण वाचणार, मुंग्या?

असिलकान हसली नाही. माहेरी ती अमक्याची पोर होती, सासरी तमक्याची सून, आणि नवरा गेल्यावर बेगायिमची आई. आपलं नाव छापलेलं तिनं कधी पाहिलं नव्हतं. तळावर तर तळावर.

तिला सुचली ती घोड्यावरची खुर्जी. दोन बाजूंना दोन झोळ्या, मधे पट्टा. घोड्याच्या पाठीवर जे चालतं ते बाईच्या खांद्यावर का चालू नये? एक बाटली छातीशी, एक पाठीशी, मधे चार बोटं रुंद पट्टा. पुठ्ठ्याची पहिली जोडी तिनं घरीच कापली आणि ती बाजारातच फाटली. थंड बाटलीला घाम सुटतो, घामानं पुठ्ठा भिजतो, नि तळ गळून पडतो. दुसऱ्या खेपेला तिनं पट्टा बाटलीच्या तळाखालून घेतला. आता वजन पट्ट्यावर, पुठ्ठा नुसता बाटल्यांना आवरून धरायला. तंबूच्या काठ्या बांधायला तिची आजी जसे पट्टे विणायची, तसाच हा विणलेला.

नमुना तयार झाला तेव्हा उलान म्हणाला, "आपा, तुम्ही कशाला मालकापुढं उभ्या राहताय. माझ्याकडे द्या, मी दाखवतो." जावई सासूला आपा, म्हणजे आई म्हणतो, आणि आई म्हणणाऱ्याला नाही कसं म्हणायचं? तिनं दोन भरलेल्या बाटल्या घालून ती खुर्जी विहिणीच्या घरी पाठवली.

आठवड्याभरानं बेगायिम ती परत घेऊन आली. रिकामी.

आता आमच्याकडे व्याह्यांच्या घरची खुर्जी रिकामी परत जात नाही. मूठभर सुकामेवा घाला, एखादा पाव घाला, काहीच नसलं तर साखरेचे चार खडे घाला, पण घाला. असिलकाननं दोन्ही बाजूंना हात घालून पाहिलं. बेगायिम म्हणाली, "गडबडीत राहिलं गं, आपा." असिलकाननं स्वतःचीच समजूत काढली. पोरगं लहान, सासू कामाला लावणारी, राहिलं असेल.

त्याच दुपारी मायलेकी बोरसोक तळत बसल्या होत्या. पीठ लाटता लाटता असिलकाननं लेकीला एक गोष्ट सांगितली, जी नमुन्यात नव्हती. चालताना पुढची बाटली डुलते आणि पोटाला लागते. म्हणून पट्ट्याला पुढून एक छोटी कडी शिवायची, अंगठा जाईल एवढीच, आतून नमद्याचं, म्हणजे दाबलेल्या लोकरीचं, अस्तर. अंगठा अडकवला की डुलणं बंद. "हे अजून कुणाला सांगितलं नाही मी," ती म्हणाली, "सुचलंच काल." बेगायिमनं मान हलवली आणि कढईतले बोरसोक उलटले.

मग उन्हाळा आला. उलानला विचारलं की तो म्हणायचा, मालक विचार करतायत.

उन्हाळा सरत आला, ऊन उतरलं तेव्हा नातवाच्या, एर्निसच्या तुशोचा दिवस ठरला. पोर पहिली पावलं टाकायला लागलं की त्याच्या दोन्ही पायांना काळ्या-पांढऱ्या लोकरीची दोरी बांधतात आणि कुणा भल्या माणसाच्या हातून कापतात. ही दोरी साधी नव्हे. दुसऱ्याची काळी-पांढरी दोरी जो ओलांडत नाही तो सचोटीचा, असं आमच्याकडे मानतात. लेकराच्या पायात ती घालायची ती त्याला एवढं कळावं म्हणून. दोरी वळायचा मान आईच्या आईचा. असिलकाननं काळी लोकर आणि पांढरी लोकर घेऊन, ओठांत देवाचं नाव धरून, ती वळली.

विहिणीच्या अंगणात तंबू उभारला होता. विहीण सालकिन, तोंडानं मोकळी आणि हातानं सढळ बाई, दारातच म्हणाली, "या विहीणबाई, म्हटलं लेक दिल्यापासून आमच्या घरचा रस्ता विसरलात की काय." असिलकान म्हणाली, "रस्ता नाही विसरले, तुमचा चहा पातळ असतो म्हणून पाय इकडे वळत नाहीत." दोघी हसल्या. व्याही-विहिणींनी एकमेकांना टोचायचं असतं. त्याचा राग धरणारा हलका.

आत गेली आणि तिचे पाय थांबले. जेवणाचं कापड, दस्तरखान, अंथरलं होतं; त्याच्या वरच्या, मानाच्या अंगाला मालक बसले होते, आणि त्यांच्या पुढ्यात मक्सिमच्या दोन बाटल्या. छापील, रंगीत पुठ्ठ्यात. पट्टा तळाखालून. खुर्जी.

मालक सगळ्यांना सांगत होते, आजपासून बाजारात, आणि हे सगळं आपल्या उलानचं डोकं. त्यांनी खोकं उलटं करून तळ दाखवला. तिथं उलानचं नाव होतं, चांगलं ठळक. पाव्हण्यांनी माना डोलावल्या. उलान जमिनीकडे पाहत होता, पण हसत होता.

असिलकानच्या मनात आधी आली ती सालकिन. तरीच खुर्जी रिकामी आली. परका तो परकाच, असं म्हणून ती स्वतःला सावरणार, तेवढ्यात मालकांनी पट्टा उचलून खांद्याला लावला, आणि पुढच्या बाजूची एक छोटी कडी लोंबली. अंगठा जाईल एवढीच. आतून नमदा.

ती कडी सालकिनला माहीत नव्हती. उलानला माहीत नव्हती. नमुन्यात नव्हतीच ती. ती फक्त कढईपाशी होती.

बेगायिम मागच्या बाजूला चुलीशी मांस काढत होती. असिलकान तिच्याजवळ जाऊन उभी राहिली. लेकीनं वर पाहिलं नाही. झाऱ्यानं रस्सा ढवळत ती खालच्या आवाजात म्हणाली, "त्याला बढती मिळाली, आपा. तू काय करणार होतीस नाव घेऊन?"

"वाचणार होते," असिलकान म्हणाली.

"आज काही बोलू नकोस. मला इथं राहायचंय."

असिलकाननं खिशातली दोरी काढून तिच्या हातात दिली. "वळली मी आहे. बांधायची तू."

पोराला मधोमध पांढऱ्या नमद्यावर उभं केलं. बेगायिम गुडघे टेकून बसली. हात मांसाच्या चरबीनं माखलेले. गाठ कशीबशी बसली. दोरी कापायला जुमाबाय आक्सकाल, गल्लीतले सगळ्यात वडीलधारे, सुरी घेऊन पुढे झाले. ते वाकायच्या आतच एर्निसनं पाय झाडले, गाठ सुटली, आणि पोरगं दोन्ही हात पसरून तडक चुलीच्या दिशेनं निघालं. हशा पिकला. उलान धावला आणि त्याला उचललं. पण धावताना तो नमद्यावर पडलेल्या काळ्या-पांढऱ्या दोरीवरून टांग टाकून गेला.

ज्यांनी पाहिलं त्यांचं हसू ओठांवरच थांबलं. आक्सकालनं सुरी मिटली, दोरी उचलली आणि शांतपणे विचारलं, "ही कुणाची?"

हा प्रश्न रीतीचा होता. ज्याची दोरी, त्यानं पुन्हा बांधायची, एवढंच. असिलकान उठली.

"माझी," ती म्हणाली. मग तिची नजर दस्तरखानावर गेली, आणि जे बोलायचं नाही असं ठरवलं होतं ते आपसूक तोंडातून निघालं. "आणि तो पट्टाही माझाच आहे. कडीसुद्धा. मी केलंय ते."

मालकांनी उलानकडे पाहिलं. उलानचा चेहरा उतरला. एका श्वासाइतकंच, पण तेवढा एक श्वास सगळं खरं होतं.

मग सालकिन टाळी वाजवत म्हणाली, "ऐका, ऐका. जावयाचं कौतुक झालं की आमच्या विहीणबाईंच्या पोटात दुखतं. उद्या म्हणतील, पोरगंही माझंच."

हास्याचा एकच लोट आला. विहिणीची थट्टा! मालक हसले, सुटल्यासारखे हसले. आक्सकालसुद्धा दाढीत हसले. असिलकान त्या सगळ्यांतून एकाच तोंडाकडे पाहत होती. एक शब्द पुरला असता. नाहीतर नुसतं गप्प राहणंही पुरलं असतं.

बेगायिम हसली.

असिलकाननं खाली बसून नातवाच्या पायांना दोरी बांधली. पोराचा काय दोष? गाठ पक्की बांधली. आक्सकालनं ती कापली, सगळ्यांनी तळवे वर करून आशीर्वाद मागितला, आणि तिनंही मागितला, मनापासून. लेकराला सरळ चालव, देवा, एवढंच. स्वतःसाठी काय मागावं ते तिला आठवेना.

निघताना सालकिननं तिच्यासमोर नवीन, छापील खुर्जी ठेवली, दोन्ही बाजूंना मक्सिमच्या बाटल्या भरलेली. "घ्या विहीणबाई. आमच्या घरून खुर्जी रिकामी जात नाही."

नाही म्हटलं असतं तर पाव्हण्यांपुढं लेकीचं घर उघडं पडलं असतं. तिनं ती खांद्यावर टाकली.

घरापर्यंतचा रस्ता लांब आणि चढाचा. एकदा तरी पट्टा रुतावा, खांदा दुखावा, थांबून ते खाली आपटायला काहीतरी निमित्त मिळावं, असं तिला वाटत होतं. पण वजन दोन्हीकडे सारखं बसलं होतं. घामेजलेल्या बाटल्यांखाली तळ कोरडा होता. चढ लागला तशी पुढची बाटली जराशी डुलली, आणि तिचा अंगठा, न सांगता, कडीत गेला.