थोरलीची टाच

त्या मोठ्या दुकानाचा नियमच होता तसा. सेंटच्या काउंटरवरच्या बायकांनी उंच टाचांचे सँडल घालायचे, दिवसभर उभं राहायचं आणि कपाटाला टेकायचंसुद्धा नाही. म्हणे त्याने चाल ऐटदार दिसते. चुलीत गेली ती ऐट! संध्याकाळी भिंत धरत जिना उतरणाऱ्या बाईची ऐट बघायला कोण येतंय?

काउंटरवर सगळ्यांत जुनी, म्हणून पोरी तिला थोरली म्हणायच्या. हा नियम काढून टाकायचं तिनेच मनावर घेतलं होतं. पोरींना गोळा करून ती मॅनेजरसाहेबांकडे गेली, आणि एकदा जाऊन भागलं नाही. विनवण्या झाल्या, भांडणं झाली. शेवटी साहेब वैतागून म्हणाले की महिनाभर घाला काय घालायचं ते, मग बघू. पोरींनी त्या दिवशी थोरलीला डोक्यावर घेऊन नाचायचंच बाकी ठेवलं होतं.

तिने हौसेने सपाट बूट घेतले. पहिल्या दिवशी दुपार व्हायच्या आत पोटऱ्यांत अशा कळा आल्या की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. टाचेमागची शीर कुणी ओढून धरल्यासारखी वाटत होती. पावलं आखूड पडत होती, तोल पुढे जात होता. सवय नाही, होईल, असं म्हणत तिने काही दिवस कळ काढली आणि मग निमूट डॉक्टरीणबाईंकडे गेली.

बाईंनी तिचं पाऊल हातात घेऊन वर वाकवलं, तर ते अर्ध्यातच अडलं. वर्षानुवर्षं टाच उचललेली राहिली की मागची शीर आखडते, त्या म्हणाल्या. आता एकदम सपाट चालायला गेलात तर दुखणारच. उंची थोडीथोडी कमी करत जा, रोज ताण द्या, वेळ लागेल. आणि पूर्ववत होईल का, यावर त्या नुसतं बघू म्हणाल्या.

घरी सासूबाई म्हणाल्या, तरीच अनवाणी असलीस की चवड्यांवर चालतेस, मला वाटायचं फरशी गार लागते. थोरलीलाही इतकी वर्षं तेच वाटत होतं. नवरा म्हणाला, बरं झालं, माळ्यावरचे डबे काढायला आता स्टूल नको. ती हसली. मग अंथरुणावर पडल्यावर तिला स्वतःच्याच पायांचा असा राग आला की काही विचारू नका.

दुसऱ्या दिवशी ती जुनेच सँडल घालून कामावर आली. करते काय? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. पोरींनी बघितलं आणि एकमेकींना कोपरं मारली. सगळ्यांत धाकटी, जिला चिमणी म्हणत, ती कपडे बदलायच्या खोलीत मुद्दाम ऐकू जाईल असं बोलली की थोरली साहेबांना फितूर झाली. थोरलीला खरं सांगता आलं असतं. पण ज्या पायांसाठी भांडलो ते पायच हातचे गेले, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? लाज वाटली तिला. आणि खरं सांगायचं तर बोलायचंही त्राण नव्हतं.

महिना संपला तसं साहेबांनी सगळ्यांना काउंटरपुढे बोलावलं आणि थोरलीच्या पायांकडे बोट केलं.

"तुमच्या पुढारीणबाईच आपखुशीने घालतायत की. मग नियम परत लागू करायला हरकत काय?"

सगळ्या थोरलीकडे बघत होत्या, आणि चिमणीच्या डोळ्यांत तर सरळ तिरस्कार होता. आता आपण गप्प बसलो तर या सगळ्या परत त्याच टाचांवर चढणार, हे थोरलीला कळत होतं.

ती वाकली. पट्टे सोडले, सँडल बाजूला सारले आणि फरशीवर अनवाणी उभी राहिली. टाचा बोटभर वरच राहिल्या.

"ये गं चिमणे," ती म्हणाली. "दाब माझी टाच खाली."

चिमणी गुडघ्यांवर बसली आणि तिने टाच दाबली. थोरलीने ओठ आवळले. टाच टेकली नाही. चिमणीने घाबरून हात काढून घेतला.

"आपखुशीने नाही घालत, साहेब. माझी टाच आता जमिनीला टेकत नाही. या पोरींची अजून टेकते."

साहेब ठीक आहे, ठीक आहे म्हणत आपल्या खोलीकडे निघून गेले. नियमाचं नाव त्यांनी परत काढलं नाही.

चिमणी मात्र उठली नव्हती. तिने सँडल पुढे ओढला, थोरलीचं पाऊल त्यात बसवलं आणि खाली मान घालून पट्टा लावून दिला.

"घट्ट झाला का?" तिने विचारलं.

"नाही गं," थोरली म्हणाली. "बरोबर आहे."