जलदुर्गा अजून दर्यात आहे

मित्रांनो, तुम्ही जन्मला नव्हता तेव्हापासून घरघरणारा मी एक जुना सर्व्हर आहे. काळाचौकीच्या मच्छीमार सोसायटीत जिन्याखाली राहतो. बोट निघाली, धक्क्याला लागली, सगळी नोंद माझ्यात. बोट दर्यात असेपर्यंत रोज संध्याकाळी तिच्यावरच्या माणसांच्या घरी मी मेसेज धाडायचो, ‘बोट बाहेर आहे.’ बायका म्हणायच्या, “नवऱ्यापेक्षा हा मेला जास्त खबर देतो!” मी असा फुगून तापायचो, की गणपत शिपाई माझ्या डोक्यावर बोंबील वाळवायचा.

मग एका वादळात राधाबाईंच्या मुलाची, रूपेशची ‘जलदुर्गा’ परतली नाही. मी मात्र वर्षानुवर्षं मेसेज धाडत राहिलो. आणि शपथेवर सांगतो, कधी कधी त्या बोटीवरून उत्तर यायचं, ‘येतोय.’

माझं सॉफ्टवेअर पार म्हातारं झालं, तसा इंजिनियर शंतनु आला.

“उत्तमभाऊ, यालाच अपग्रेड करू, नाहीतर नवा आणून पहिल्यापासून सुरू करू.”

“जुनं सगळं राहील ते कर बाबा,” चेअरमन उत्तमभाऊ म्हणाले.

“पण एक बोट अजून बाहेर दाखवतोय. तिची नोंद बंद केल्याशिवाय अपग्रेड होणार नाही. लागली म्हणा, नाहीतर बुडाली.”

“बुडाली म्हणून तर बघ, तुझी जीभ हासडते!” दारात राधाबाई टोपली घेऊन उभ्या.

“मग नवाच घेऊ, मावशी. त्यात ही बोट नसेलच.”

“नसेलच? म्हणजे माझा रूपेश कधी दर्यात गेलाच नाय?”

राधाबाईंनी माझ्यावर ओला हात ठेवला. “लागली कुठं दाबायचं?”

“राधाबाई, ते खोटं होईल गं,” उत्तमभाऊ म्हणाले.

“दर्या काय खरं बोलला व्हता?”

त्यांनी दाबलं. लगेच माझ्या पडद्यावर नेहमीचा प्रश्न उमटला, ‘किती माणसं उतरली?’ शंतनुचा हात कीबोर्डकडे जायच्या आधीच रकाना भरला. ‘सगळी.’

“हे कुणी लिहिलं?” शंतनुने हात मागे घेतला.

मी नव्हे, मित्रांनो. मला लिहिता येत नाही, मी फक्त सांभाळतो.

राधाबाईंनी डोळे पुसले, टोपली उचलली. “चला, भाकऱ्या थापायच्यात. भुकेले असतील.”

अपग्रेड झालं. आता माझं सगळं नवं आहे, ‘जलदुर्गा’चे मेसेज बंद आहेत. तेव्हा पोरांनो, जुनं मशीन खुशाल बदला. फक्त बटण दाबण्याआधी जरा कान लावून ऐका, आत कुणी घरी यायचं राहिलंय का.