त्याच्या पसंतीची कानातली

कानातल्यांच्या बाबतीत धाकटीचं मत पक्कं होतं. दिसायला बेताची असली तरी चालतील, पण ती घातलीत हे दिवसभर आठवता कामा नये. ती कोर्टातल्या साक्षींचं रेकॉर्डिंग ऐकून टाइप करायची. आठ तास कानांवर जाड हेडफोन. लांब दांडीचं काही घातलं की जेवणाच्या सुट्टीपर्यंत ती दांडी कानामागे रुतायची, लोंबतं घातलं तर हेडफोनच्या गादीखाली चेंगरायचं. म्हणून वर्षानुवर्षं तेच ते डाळीएवढे चपटे टॉप्स, मागे रबराची मऊ फिरकी. ताई म्हणायची, "अगं, तुला काही हौस आहे की नाही?"

"हौस माझी आणि भोगायचं कानांनी," धाकटी म्हणायची.

आईवडील गेल्यावर ताईनेच तिला वाढवलं होतं, त्यामुळे लग्नाचंही ताईच बघत होती. स्थळ आलं ते एका घड्याळजीचं. चौकात स्वतःचं दुकान, घरात तो आणि कधी घराबाहेर न पडणारी त्याची आई, बस्स. वयाने थोडा मोठा, पण बोलणं लोण्यासारखं. भावोजींचं कित्येक महिने बंद पडलेलं मनगटी घड्याळ त्याने पहिल्याच भेटीत, समोरचा चहा निवायच्या आत चालू करून दिलं. भावोजी तिथेच विरघळले. लग्न ठरलं, आणि पंधरा दिवसांनी तो म्हणाला, "तुला माझ्याकडून कानातली घ्यायची आहेत. चल, तुझ्या पसंतीने घेऊ."

बाजारात कानातल्यांचं एक चिंचोळं दुकान होतं. चालवणारी बाई पन्नाशीची, सगळे तिला कानवाली म्हणत. तिने धाकटीला स्टुलावर बसवलं आणि हनुवटीला धरून तिचा चेहरा इकडे तिकडे वळवला.

"चेहरा लांबट, मान बारीक. लहान गोल रिंग शोभेल तुला. कानाची पाळी पातळ आहे, वजन लादू नकोस तिच्यावर."

रिंग घालून धाकटीने आरशात पाहिलं आणि तिला स्वतःचंच कौतुक वाटलं. हेडफोनखाली राहिली असती तीही.

"छान आहे," घड्याळजी म्हणाला, आणि हलक्या बोटांनी त्याने ती रिंग तिच्या कानातून काढून ट्रेमध्ये ठेवली. दुसरा जोड, तिसरा जोड, तसंच झालं. दर वेळी "छान आहे", आणि दर वेळी काढणारी बोटं त्याचीच. मग त्याने खिशातून एक डबी काढली.

"मी एक जोड आणलाय. तिच्या भोकात बसतो का तेवढं बघा."

चांदीचे लांब लोलक होते, प्रत्येकाला खाली सात बारीक घुंगरू. मागे फिरकीच्या जागी चपटा पोलादी पेच होता. "पेचाचे आटे मी स्वतः पाडलेत," तो म्हणाला. "हरवायची भीती नाही." घड्याळाच्या कामाचा बारीक स्क्रू ड्रायव्हर त्याच्या वरच्या खिशात होताच. तो धाकटीच्या मागे उभा राहिला आणि त्याने एकेक पेच आवळला. शेवटच्या वेढ्याला पाळीत चिमटा बसला. धाकटीने डोळे मिटले.

कानवालीने विचारलं, "झोपताना काढायचे कसे हिने?"

"मी काढीन ना."

"लग्नाला अजून दोन महिने आहेत म्हणालात."

"तोवर सवय होईल," तो म्हणाला आणि हसला. धाकटीही हसली. कानवालीने ट्रे आवरायला घेतला.

सवय काही होईना. साक्षीदार बोलत असायचा आणि मध्येच किणकिण ऐकू यायची. धाकटी रेकॉर्डिंग मागे न्यायची, पुन्हा ऐकायची, आणि मग लक्षात यायचं की आवाज आपल्याच कानाशी होतोय. एका माणसाचं "पाहिलं नाही" तिने "पाहिलं" असं टाइप केलं आणि साहेबांची बोलणी खाल्ली. चौथ्या दिवशी पाळ्या सुजल्या. तिने त्याला फोन केला.

"दोन दिवस काढून द्याल का? कामावर जमत नाहीये."

"मग काम सोड," तो म्हणाला. येताना दूध घेऊन ये म्हणावं, इतक्या सहज म्हणाला. काम सोडण्याचा विषय तोवर कुणी काढलाही नव्हता.

ताईने सुरीचं टोक लावून पाहिलं, नेलकटर लावून पाहिलं. पेच हलला नाही, पाळीतून मात्र रक्त आलं. "हौसेने दिलंय गं," ताई म्हणाली. "रविवारी त्यांच्याकडे जेवायला जाणारच आहेस, तेव्हा नीट समजावून सांग." पण बोलताना ताई तिच्याकडे बघत नव्हती.

रविवारी घड्याळजी बाहेरच्या खोलीत डोळ्याला भिंग लावून काम करत बसला होता. भिंतीवरची घड्याळं सगळी एका ठेक्यात चालत होती. धाकटी स्वयंपाकघरात गेली आणि दारातच थबकली. त्याची आई ओट्याशी उभी होती, आणि तिच्या कानांत तेच लोलक होते. काळे पडलेले. पाळ्या ओघळून मानेला टेकायला आल्या होत्या, भोकांच्या लांब चिरा झाल्या होत्या.

सासूबाईंनी हातातला डाव ठेवला. दोन्ही हातांनी दोन्ही लोलक चिमटीत धरले, घुंगरू मुठीत बंद केले, आणि मगच त्या जवळ आल्या.

"तुझ्या ताईचं घर लांब आहे का?" अगदी हळू विचारलं.

"बसने अर्धा तास."

"म्हणजे लांब नाही." मग म्हणाल्या, "हे गेले, त्याच आठवड्यात त्याने मला घातले. म्हणाला, आई, तू पडशीलबिडशील, घरात कुठे आहेस ते मला कळायला हवं. मीही म्हटलं, पोराला काळजी आहे. अकरा वर्षं झाली. झोपतानाही..."

"आई," बाहेरून आवाज आला. मुळीच चढलेला नव्हता. "उभी का राहिलीस?"

सासूबाईंनी मुठी सोडल्या. घुंगरू वाजले.

"मीठ शोधतेय," त्या म्हणाल्या. मिठाची बरणी समोरच होती.

धाकटी जेवली, हसून बोलली, काही समजावलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कानवालीचं दुकान उघडायच्या आधीच ती दारात उभी होती. कानवालीने तिच्या कानांकडे पाहिलं आणि पक्कड काढली.

"त्याच दिवशी मला कळलं होतं," पेच तोडता तोडता ती म्हणाली. "गिऱ्हाईक म्हणून गप्प बसले. माझं चुकलंच, पोरी."

लोलक आणि नकार, दोन्ही घेऊन भावोजी घड्याळजीच्या दुकानात गेले. त्याने तुटलेले पेच भिंगाखाली धरून बराच वेळ पाहिले. "ठीक आहे," म्हणाला. "घाई नाही." भावोजींनी हे घरी सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. कशाची घाई नाही, ते कुणीच विचारलं नाही.

आठव्या दिवशी धाकटीच्या ऑफिसच्या फाटकाशी सासूबाई उभ्या होत्या. दोन्ही हात कानांशी, मुठी आवळलेल्या. येणारेजाणारे वळून बघत होते. बसमध्येही अशाच आल्या होत्या, दांड्याला न धरता.

धाकटी त्यांना थेट कानवालीकडे घेऊन गेली. पेच गंजून पाळीत बसले होते, अर्धा तास लागला. मग कानवालीने आरसा पुढे सरकवला आणि ट्रेमागून ट्रे मांडले. "भोकात आता काही टिकायचं नाही. चापाची बघू. काय आवडतं तुम्हाला?"

सासूबाई ट्रेकडे नुसत्या बघत राहिल्या. आवडतं काय, हे त्यांना आठवावं लागत होतं. शेवटी एका निळ्या खड्यावर बोट ठेवलं. "हे. पण दुखणार नाही ना?" चाप लावल्यावर त्यांनी मान हलवून पाहिली, एकदा, मग जोरात. कुठलाच आवाज आला नाही. त्या रडतील असं धाकटीला वाटलं, पण त्यांनी फक्त बस किती वाजता आहे ते विचारलं. दूरच्या गावी त्यांची लहान बहीण होती. तिला आपण हयात आहोत एवढं तरी कळवायचंय, म्हणाल्या.

बस सुटली आणि धाकटी कामावर परतली. तासाभरात घड्याळजी आला.

"आई इकडे आली होती का?"

"नाही."

त्याने तिच्या मोकळ्या पाळ्यांकडे पाहिलं, मान थोडी कलती करून, काही ऐकत असल्यासारखं. मग समोरच्या खुर्चीत बसला. ऑफिस सुटेपर्यंत बसला. फोन पाहिला नाही, पाणी मागितलं नाही. धाकटी टाइप करत राहिली आणि त्या दिवसाचं एकही पान पुढे कामाला आलं नाही. सहा वाजता ताई आणि भावोजी घ्यायला आले, तेव्हा तो उठला, सगळ्यांना "येतो" म्हणाला आणि गेला.

पुन्हा आला नाही. सासूबाईंचं एक पत्र आलं, खाली नाव नाही, पत्ता नाही. बरी आहे, एवढंच. ताई म्हणाली, सुटलीस, आता विसर. धाकटी कानवालीकडून लहान गोल रिंगा घेऊन आली आणि विसरायच्या मागे लागली.

दोन महिन्यांनी भावोजींनी बातमी आणली. घड्याळजीचं लग्न ठरलं होतं, मुलगी शाळेत शिक्षिका. त्या रात्री धाकटीला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने शाळेचा नंबर मिळवला आणि बाईंना बोलवा म्हणून सांगितलं. बराच वेळ वर्गांचा गलका ऐकू येत राहिला. मग कुणीतरी रिसीव्हर उचलला.

"तुम्ही मला ओळखत नाही," धाकटी म्हणाली. "पण पाच मिनिटं..."

"ओळखते," पलीकडची मुलगी शांतपणे म्हणाली. "त्यांनी सांगितलं होतं, तुमचा फोन येईल म्हणून. काय काय सांगाल, तेही सांगितलंय." आणि तिने फोन ठेवला.

धाकटीने पुन्हा लावला. या वेळी शिपायाने उचलला. बाई बोलायच्या नाहीत म्हणाल्यात, तो म्हणाला.

"बरं," धाकटी म्हणाली. "शाळा सुटते किती वाजता?"