बघून सांगा

"हो, बसलीये," एवढं एकदा जरी दगडोबा म्हणाले असते, तरी बुडबुडे सरांचा सगळा जुना तोटा त्या संध्याकाळी भरून निघाला असता.

तोटा थोडाथोडका नव्हता. दोघांनी एकाच कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवण्यात हयात घालवली आणि स्टाफरूममधल्या पहिल्या ओळखीपासून निवृत्तीनंतरच्या शनिवारच्या चहापर्यंत वाद एकच घातला: जाणणारं मन नसेल, तर जग असतं की नाही? बुडबुडे म्हणत, नसतं. जे काही आहे ते मनावरचे तरंग. दगडोबा टेबलावर मूठ आपटून म्हणत, असतं, आणि तुझी परवानगी न घेता असतं. ही नावं अर्थातच विद्यार्थ्यांनी ठेवलेली. पुढे ती इतकी रुळली की खऱ्या नावाने हाक मारली तर दोघंही वळून बघत नसत.

"रिकाम्या खोलीतलं टेबल कधी पाहिलंयस तू?" बुडबुडे विचारत.

"गळक्या नळाखाली बादली ठेव आणि फिरून ये. आल्यावर भरलेली दिसेल. तू नव्हतास म्हणून नळ थांबत नाही."

"मी येऊन बघितली म्हणून भरली."

"मग ओल्या फरशीवरून घसरलास की तुझ्या मनालाच प्लास्टर घालू."

मुलं हसत, आणि हसणारी मुलं कायम दगडोबांच्या पदरात पडत. बुडबुड्यांचं म्हणणं जास्त खोल होतं, पण खोलीला टाळ्या मिळत नाहीत. सरांना हे आयुष्यभर सलत राहिलं.

तर त्या शनिवारी दगडोबांच्या बायकोने खिडकीजवळच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. सर त्यांना वहिनी म्हणत.

"अहो, तिथे हिरव्या कोटातली बाई बसलीये का? बघून सांगा."

वहिनींची नजर बरेच दिवस विझत चालली होती. डॉक्टरांनी समजावलं होतं, की डोळे कमी दाखवायला लागले की मेंदू मोकळ्या जागा स्वतःच भरून काढतो. "हे वेड नाही बरं का. आजी अगदी शहाण्या आहेत."

"ते मला ठाऊकच होतं," वहिनी म्हणाल्या होत्या. "तेवढं ते टेबलाखालचं कुत्रं बाहेर काढा."

दवाखान्यात कुत्रं नव्हतं.

दगडोबा उठले. गुडघ्यांवर हात देत, कण्हत खुर्चीपाशी गेले. गादी दाबून पाहिली, पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "नाही. कोणी नाही."

"बरं," म्हणून वहिनी चहा ओतायला लागल्या. किटली अचूक कपावर होती.

"अरे, तिथपर्यंत कशाला गेलास?" सर म्हणाले. "इथूनच दिसत होतं की."

"इथून मला खुर्चीची पाठ दिसते. न बघता 'नाही' म्हणणं आणि थाप मारणं यात फरक काय? ती माझ्या शब्दावर पाऊल टाकते, बाबा."

सरांनी संधी सोडली नाही. "पण तिच्यापुरती ती बाई आहेच ना? म्हण की 'आहे'. तिला बरं वाटेल."

"भावजी, बरं वाटून काय करू?" वहिनीच म्हणाल्या. "तिथे बसायचं, की तिला चहा विचारायचा, एवढं मला कळलं पाहिजे."

दगडोबा हसले. सरांच्या खात्यात आणखी एक हार पडली.

घर चाललं होतं ते या 'आहे' आणि 'नाही'वर. एकदा दगडोबा बाहेर गेलेले असताना प्लंबर आला, तर वहिनींनी त्याला स्वयंपाकघरात पाहून सांगितलं, "जा तू, तू नाहीयेस."

"मी नाही तर नळ कोण खोलतोय, आजी?" तो बिचारा म्हणाला.

दगडोबा परतल्यावर त्यांनी प्लंबरच्या खांद्यावर हात ठेवून निकाल दिला, "आहे. चांगला जाडजूड आहे." मग वहिनींनी त्याला पाणी दिलं आणि माफीही मागितली. शेजारीपाजारी म्हणत, म्हातारा फार कोरडा आहे, बायकोला साधा धीर देत नाही. पण ती बायको एकटीने जिना उतरत होती, गॅस पेटवत होती, हे कुणी जमेला धरत नव्हतं.

मग दगडोबा गेले. छातीत दुखतंय म्हणाले आणि गेले.

लेक परगावाहून येऊन राहिली. मायाळू मुलगी. आईने "स्वयंपाकघरात कोण आहे गं?" विचारलं की आतल्या खोलीतूनच "कोणी नाही गं!" म्हणायची. आणि एके दिवशी आईने खुर्चीकडे बघत "हे बसलेत का?" असं विचारलं, तेव्हा तिला राहवलं नाही. "हो आई, बाबा आहेत. तुझ्याजवळच आहेत."

वहिनी खुर्चीपर्यंत गेल्या, हाताने चाचपलं आणि तशाच उभ्या राहिल्या. त्यानंतर त्यांनी लेकीच्या कुठल्याच शब्दावर पाऊल टाकलं नाही. जिना सोडला, गॅस सोडला. दाराची चौकट धरून उभ्या राहू लागल्या.

"काका, आता आईला इथे ठेवता येणार नाही," लेक शनिवारी आलेल्या बुडबुडे सरांना दारातच म्हणाली. "वृद्धाश्रमात विचारून आलेय. घर बंद करते."

आतून आवाज आला. "भावजी आले का? खुर्चीत हे बसलेत का? बघून सांगा."

लेकीने मागून हात जोडले: हो म्हणा. सरांचं अख्खं तत्त्वज्ञानही हो म्हणा असंच सांगत होतं. आणखी एक गोष्ट होती, जी फक्त सरांनाच ठाऊक होती. मित्र गेल्यापासून ते या घरात येत होते, पण खिडकीकडे त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं. जोवर बघत नाही, तोवर निकाल लागत नाही, असं त्यांनी स्वतःशी ठरवून टाकलं होतं.

ते आत आले. खुर्चीपाशी गेले. गादी दाबली. पाठीवरून, हातांवरून हात फिरवला, घाई न करता.

"नाही, वहिनी," ते म्हणाले. "तो नाहीये. खुर्ची रिकामी आहे."

"नक्की?"

"हात लावून पाहिलं."

"बरं," वहिनी म्हणाल्या. "मग मी बसते." त्यांनी चौकट सोडली, खोली ओलांडली आणि खुर्चीत टेकल्या.

वृद्धाश्रमाचा विषय निघाला तसा मागे पडला. लेक बघून सांगायला शिकली आणि मग आपल्या घरी परत गेली. जवळच राहणारे सर शनिवारऐवजी रोज येऊ लागले.

हिशेब असा झाला. वहिनींना आपलं घर राहिलं. लेकीला झोप लागू लागली. वाद दगडोबांनी जिंकला. जिंकल्याचं कळायला ते नव्हते, पण त्यांच्याच म्हणण्याप्रमाणे त्याने जिंकण्यात काही उणं येत नव्हतं. किंमत भरली ती एकट्या बुडबुडे सरांनी. आणि तेही एकदाच नाही, कारण वहिनी रोज विचारत, आणि सर रोज उठून बघत.