हात लावून ओके

“बाबांचा ओके नुसता वाचू नकोस गं. फोन लाव, दोन शब्द बोल त्यांच्याशी.”

बाबांच्या शेजारी राहणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या काकूंनी मुद्दाम फोन करून सांगितलं होतं. माझ्या मांडीवर दीड महिन्याचं बाळ किरकिरत होतं. “काकू, रोज सकाळी सातच्या ठोक्याला येतो त्यांचा मेसेज. घड्याळ चुकेल, बाबा नाही चुकायचे,” म्हणत मी फोन ठेवला.

बाबा पाण्याच्या पंपघरात चौतीस वर्षं ऑपरेटर होते. दर तासाला मोटरीवर पालथा हात ठेवून ती तापलीय का बघायचं आणि मगच नोंदवहीत लिहायचं: ओके. एकदा जोडीदाराने खुर्चीतून न उठताच ओके लिहिलं, तर बाबांनी त्याच्याशी आठवडाभर अबोला धरला. “हात न लावता ओके लिहिणारा उद्या कोरडा नळही ओके म्हणेल!”

कॉलेजात असताना मी त्यांना शहाणपणाने ऐकवलं होतं, हा शब्द म्हणे परदेशी वर्तमानपत्रातल्या थट्टेतून आला. ‘सगळं बरोबर’ अशा अर्थाचे शब्द मुद्दाम चुकीचे लिहायचे आणि त्यांची पहिली अक्षरं घ्यायची. बाबा हसले. “जन्मला असेल थट्टेत. आमच्या पंपघरात आला आणि कामाला लागला.”

बाळाचा श्वास चालू आहे ना, हे मी दिवसातून वीसदा नाकाशी बोट धरून बघायचे. बाबांच्या बाबतीत मात्र मला दोन अक्षरं पुरत होती.

परवा सात वाजून गेले तरी मेसेज आला नाही. आला तो काकूंचा फोन. “बाळाला घेऊन नीघ.”

बाबा दवाखान्यात खाटेवर होते. तोंड एका बाजूला ओढलेलं. उजवा हात उशीवर, कुणी तिथे विसरून गेल्यासारखा.

“पहाटे दुसरा झटका आला,” काकू म्हणाल्या. “वाचा गेली.”

“दुसरा?”

त्यांनी बाबांचा फोन माझ्या हातात ठेवला. “पहिला तीन आठवड्यांपूर्वी. हात गेला, जीभ जड झाली, पण बोलत होते. डॉक्टर, औषधं, सगळं चालू होतं. मेसेज मीच पाठवायचे गं. शपथ घातली होती मला. म्हणायचे, पोर ओली बाळंतीण आहे, तिच्या जिवाला घोर नको. महिन्याभरात उठतो मी.”

“आणि तुम्ही ऐकलंत?”

“तुला फोन लाव म्हटलं होतं ना? शपथ न मोडता आणखी काय सांगणार होते मी?”

तीन आठवडे बाबांना आवाज होता आणि तो त्यांनी माझ्यापासून लपवला. ज्या माणसाने कधी लोखंडाच्या मोटरीला फसवलं नाही, त्याने मला फसवलं. आणि खरं सांगायचं तर मलाही तो ओके सोयीचाच होता. अंगठ्याने एक फूल पाठवलं की झालं.

मी बाळाला त्यांच्या डाव्या कुशीत ठेवलं. त्यांनी सावकाश हात उचलला आणि पालथा करून बाळाच्या कपाळाला लावला. सवयीने माझ्या तोंडून गेलं, “बाबा, ओके ना?”

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग मान हलवली. नाही.

तुमच्याही फोनवर रोज कुणाचा तरी ओके येत असेल. आज त्या माणसाला फोन लावा. त्याचा आवाज ऐकल्याशिवाय ठेवू नका.