सात दिवसांचं माहेर

अलार्म वाजला तेव्हा मी रिसॉर्टच्या तलावात पाय सोडून बसले होते आणि मनातल्या मनात सही करून मोकळी झाले होते.

सही कसली, ते आधी सांगते. चौक गावात जुन्या हायवेला लागून आमचं घर. बाबा गेल्यावर कागदोपत्री तीन नावं लागली: आई आनंदीबाई, मी माधवी आणि माझ्या पाठचा रोहिदास. पुढच्या अंगणात रोहिदासचं गॅरेज. ती पुढची जागा त्याला विकायची होती. आईचा अंगठा त्याने घेतलाच होता, आता मी हक्कसोड द्यायला हवी होती. म्हणजे बापाच्या जागेत माझं काही नाही, असं लिहून खाली सही करायची. आमच्याकडे बहिणी करतात. भावाशी वाईटपणा नको, माहेरचं दार उघडं राहावं, म्हणून हसत करतात. माझा हात मात्र उचलत नव्हता. आई आहे तोवर मागच्या घराला हात लावणार नाही, असा शब्द रोहिदासने दिला होता, तरीही उचलत नव्हता.

मग त्याने डोकं लढवलं. कर्जतच्या पुढे, दहिवली मागे टाकली की नदीच्या अंगाला एक रिसॉर्ट लागतं. तिथली पंचवीस वर्षांची मेंबरशिप त्याने घेतली, आईच्या आणि माझ्या नावावर. दर वर्षी सात दिवस.

"ताई, आता तुझं माहेरपन कुनाच्या तोंडाकडं बघायला नको," तो म्हणाला. "हक्काचं हाय. आधी ऱ्हाऊन बघ. पटलं तर सही कर, नाय पटलं तर नको करू."

आमचे हे, दशरथ, रसायनीच्या एका कंपनीत ऑपरेटर आहेत. मोहोपाड्याला आमचं दोन खोल्यांचं बिऱ्हाड. त्यांनी जेवता जेवता एकच शंका काढली. "देखभालीचे पैसे दर वर्षी भरायचे, गेलो नाही तरी भरायचे. सात दिवसांची मालकी आणि वर्षभराचा भरणा. ही कुठली मालकी?"

"तुमच्या बहिणी माहेरी येतात तेव्हा चपात्या कोण लाटतं?" मी विचारलं. त्यांनी ताटात मान घातली. बरं झालं.

खरं सांगायचं तर माझं माहेरपण म्हणजे गाव बदलून तेच काम. चौकला गेले की भावजयीची कंबर नेमकी तेव्हाच धरायची. भांडी मी घासायची, मासे मी साफ करायचे, आणि परतताना तिने हातावर साखर ठेवल्यासारखी साडी ठेवायची. म्हणून रिसॉर्टमध्ये पहिल्या सकाळी आयता चहा समोर आला तेव्हा मला रडूच फुटलं. चहाला वास होता पिशवीच्या दुधाचा, पण मी तो अमृतासारखा प्यायले.

आणि आई! आईला मी इतकी खूश कधी पाहिली नव्हती. रोहिदासने आम्हाला स्वतः गाडीने आणून सोडलं. आईच्या सामानाने डिकी भरली होती. दोन पेट्या, एक बोचकं, पितळी पातेली. मी म्हटलं, "अगं, सात दिवसांसाठी एवढं?" तर रोहिदासच मध्ये बोलला, "म्हाताऱ्या मानसाला समदं लागतं, ताई." दारात तिथे कामाला असलेल्या भाग्यश्री नावाच्या मुलीने आम्हाला ओवाळलं, कुंकू लावलं, आईच्या हातात चावीचं कार्ड दिलं आणि पाठ केलेलं वाक्य म्हटलं, "मालकीणबाई, आपल्या घरी आपलं स्वागत आहे." आईने उजवा पाय आधी आत टाकला. मला हसू आलं.

मला पुढचे तीन दिवस हसूच येत होतं. झाडायला आलेल्या बाईला आईने दारातूनच परत पाठवलं, "माझं मी झाडीन गं, मला काय झालंय." बाल्कनीतल्या शोभेच्या कुंडीतलं झाड उपटून तिथं तुळस लावली, रोप तिने चौकवरून डब्यात आणलं होतं. शेजारच्या खोलीतल्या ठाण्याच्या जोडप्याला वाटीभर चटणी नेऊन दिली. दुसऱ्या दिवशी ते निघून गेले तर दिवसभर कुरकुरत होती, "कशी मानसं गं, शेजारी म्हून ऱ्हायचं आन् न सांगता बिऱ्हाड हलवायचं!" बाजार कुठे भरतो, दळण कुठे टाकायचं, मयत झालं तर नदीवर घाट कुठे, असलं काय काय ती भाग्यश्रीला विचारत होती. मी म्हटलं, म्हातारी रंगात आलीय. रंगू दे.

आणि त्या गुरुवारी दुपारी पाण्यात पाय सोडून मी हिशेब मिटवला. रोहिदास वाईट नाही. पुढची जागा जाईल, घर राहील, आणि वर्षातले सात दिवस मी आणि आई अशा राहू. एका सहीत एवढं मिळत असेल तर सौदा वाईट नाही. संध्याकाळी तो यायचाच होता.

तेवढ्यात अलार्मचं ते कर्कश ओरडणं सुरू झालं. आमच्याच खोलीतून.

मी ओल्या पायांनी धावले. दार उघडलं तर धूर, करपलेल्या दुधाचा वास. खोलीत एक विजेची शेगडी होती, चहापुरती. तिच्यावर आईची पितळी पातेली, आणि दूध उतून, ओट्यावरून ओघळून फरशीवर. भाग्यश्री माझ्या मागोमाग पोचली आणि स्टुलावर चढून तिने छताचं ते धुराचं यंत्र बंद केलं.

"आई, अगं दूध ठेवून लक्ष कुठं होतं तुझं?" मी ओरडले.

"दुधाकडंच व्हतं," आई म्हणाली. तिने नवी साडी नेसली होती. "बघ, उगवतीकडं गेलं गं! सरळ उगवतीकडं. तुझ्या बाबानं चौकला उतवलं तवा मावळतीला गेलं व्हतं."

मग मला बाकीचं दिसलं. दाराच्या चौकटीला हळदकुंकवाची बोटं. टीव्हीच्या टेबलावर लाल फडकं, फडक्यावर चौकच्या देव्हाऱ्यातले सगळे देव, आमच्या कुलदेवीचा चांदीचा टाकसुद्धा. हा टाक घराबाहेर जात नाही. घर बदललं तरच जातो.

"बुधवारीच करनार व्हते," आई सांगत होती, "पर दूध नाय मिळालं. आज गुरुवार, चांगला वार हाय. भाग्यश्री, इकडं ये गं, तू सवाशीन. कुंकू घे. घरभरनीला सवाशीन पायजे."

मी पलंगावर बसले.

"कुणाची घरभरणी, आई?"

"आपली. आसं काय इचारतीस?" ती माझ्याकडे, मीच वेंधळी असल्यासारखी बघायला लागली. "रोहिदासनं घर नाय का घेतलं? तुझ्या आन् माझ्या नावानं. त्यो टायवाला मानूस कागद घिऊन चौकला आलता, त्यो बी म्हनला, आजी, आजपासनं तुमी मालकीन. रोहिदास म्हनला, चौकला टरकांच्या धुरानं खोकून मरशील, तिकडं हवा चांगली हाय. मी म्हनलं, माधवी येती का बघ. तू आलीस. मंग मी देव उचललं."

"आई, हे सात दिवसांचं आहे गं. हॉटेल आहे हे. सोमवारी सोडायचंय."

आईने भाग्यश्रीकडे पाहिलं. ती मुलगी कपाळावरच्या ओल्या कुंकवासकट खाली बघत उभी होती. आईला तेवढं पुरलं.

मी रोहिदासला फोन लावला. माझ्या फोनचा कानाशी धरायचा आवाज महिनाभर बिघडलाय, म्हणून स्पीकरवरच बोलावं लागतं. पलीकडून मोठी घरघर येत होती, मधेच पींऽ पींऽ पींऽ.

"बोल ताई. कसं वाटतंय? पटलं ना?"

"तो आवाज कसला?"

"गॅरेजात हाय ना."

"गॅरेजात जेसीबी कधीपासून लागला तुला?"

मागे काहीतरी कोसळलं. लाकूड मोडल्याचा आवाज मला ओळखू येतो; त्या घराची तुळई मोडली तर कशी मोडेल, ते मला न ऐकताही सांगता आलं असतं.

"रोहिदास, घर पाडतोयस तू?"

"पार्टीला सोमवारी मोकळी जागा पायजे, ताई. निस्ती पुढची नको म्हनाले, समदी पायजे. आई तिथं आसती तर दारात आडवी पडली आसती. तुला म्हाईत हाय ती कशी हाय."

"म्हणून तिला इथं आणून टाकलीस?"

"टाकली काय? एवढं चांगलं घेऊन दिलंय!"

"सोमवारी ती कुठं जाणार?"

"तू हायेस ना," तो म्हणाला. अगदी सहज म्हणाला. "आमी खोपोलीला एक खोली घेतलीय, तिथं आमचंच मावत नाय. तू घिऊन जा. म्होरं बघू काय त्ये. सही घ्यायला सांजच्याला येतो."

मी फोन बंद केला. माझा भाऊ. लहानपणी ताप आला तर माझ्याच मांडीवर डोकं ठेवून झोपणारा. सात दिवसांत आई घरातून उपटायची, घर पाडायचं आणि वर बहिणीचं माहेरपण म्हणायचं! आणि मी मूर्ख, पाण्यात पाय सोडून त्याला चांगला ठरवत बसले होते.

आईने सगळं ऐकलं होतं. मला वाटलं ती हंबरडा फोडेल. तिने आधी फडक्याने ओटा पुसला. फरशी पुसली. मग देव एकेक करून लाल फडक्यात बांधले आणि भाग्यश्रीला म्हणाली, "बाय, तुजी शेगडी खराब केली मी. मला म्हाईत नव्हतं गं, तुमचं घर हाय म्हून."

"आजी, राहा तुम्ही सोमवारपर्यंत," भाग्यश्री म्हणाली. तिचा आवाज फुटला. "अलार्मच्या दंडाचं मी बघते."

"नाय. चौकला जायला काय मिळंल?"

भाजी टाकायला आलेला टेंपो परत चौकला निघाला होता. त्यात रिकाम्या क्रेटच्या मध्ये आम्ही बसलो. पेट्या, बोचकं, तुळशीचा डबा, मांडीवर देव. आईने फ्रिजमधली उरलेली दुधाची पिशवी आठवणीने घेतली होती. वाटेत मी म्हटलं, "मोहोपाड्याला माझ्याकडे चल आज." ती म्हणाली, "जावयाच्या घरी म्हातारपन काढायला मी काय बिनवारशी हाय?"

घर नव्हतं, पुढचं गॅरेजही नव्हतं. मला ते ऐकून माहीत होतं, तरी डोळ्यांना ते मान्य होईना. हायवेवरून पूर्वी आमची भिंत आडवी यायची. आता थेट मागचं इर्शाळगडाचं टोक दिसत होतं. कौलं एका बाजूला नीट रचलेली, विकण्यासाठी. बाकी मातीचा ढीग. फक्त जोतं राहिलं होतं, खाली दगडी. जेसीबीवाला गुटखा थुंकत सावलीला बसला होता, आणि रोहिदास जोत्याच्या मधोमध उभा राहून कुणाशीतरी फोनवर बोलत होता. आम्हाला बघून त्याने फोन खिशात घातला. बगलेत फाइल होती.

"आता आलायसा तर हितंच सही कर, ताई. जे झालं ते झालं."

"सही मिळणार नाही," मी म्हटलं. "आज नाही, कधीच नाही. त्या पार्टीला सांग, एक बहीण आहे आणि ती हलकट आहे. आणि ती मेंबरशिप तुझ्या बायकोला दे. तिची कंबर दुखते."

"आगं पन पैशे घेतलेत मी!"

आई आमच्या भांडणात नव्हतीच. ती जोत्यावर चढली होती. पायरीही गेली होती, म्हणून हात टेकून, गुडघ्यावर चढली. पूर्वी स्वयंपाकघर जिथं होतं तिथं गेली. ढिगातल्या तीन विटा आणल्या, मांडल्या. तिच्याच छपराच्या मोडक्या रिपा गोळा करून खाली सरकवल्या आणि आपल्या पेटीतल्या काडेपेटीने पेटवल्या. वर पातेली, पातेलीत दूध. ट्रक गेला की जाळ आडवा व्हायचा, ती पदराचा आडोसा धरायची. मी जाऊन दुसऱ्या बाजूने ओढणी धरली.

रोहिदास जवळ आला. "आई, काय ह्ये? लोकं बघत्यात."

आईने मान वर केली नाही. ती दुधाकडे बघत होती.

"चपला काढ रं," ती म्हणाली. "देवाच्या खोलीत उभा हायेस."

त्याने खाली पाहिलं. पायात पांढरे बूट, मातीने भरलेले. तिथंच, बरोबर तिथंच, आमचा देव्हारा होता. त्याचा चेहरा लहानपणी मार खायच्या आधी व्हायचा तसा झाला. फाइल त्याने जमिनीवर ठेवली आणि खाली वाकून बुटाच्या नाड्या सोडायला लागला.

दूध वर येत होतं.