कुंदाबाईंचे पट्टे

अकोल्यातल्या आमच्या मुलींच्या शाळेसमोर रस्ता ओलांडायचे पांढरे पट्टे आले, ते १९६१ साली. मी तिथे विज्ञान शिकवत असे. पट्ट्यांसाठी नगरपालिकेकडे मीही अर्ज केला होता. पाच दिवस मधल्या सुट्टीत उभी राहून मी सायकली, छकडे, ट्रक मोजले आणि पट्टे प्रयोगशाळेच्या फाटकासमोर हवेत, हे आकृती काढून दाखवलं. भूगोल शिकवणारी कुंदा नगराध्यक्षांच्या घरी फक्त एकदा चहाला जाऊन आली. पट्टे मोठ्या फाटकासमोर आले. सगळे त्यांना कुंदाबाईंचे पट्टे म्हणू लागले.

मी त्यांवर पाय ठेवला नाही. रोज वीस पावलं अलीकडून, मी आखलेल्या जागेवरूनच पलीकडे जात असे.

दर सोमवारी शिपाई पट्ट्यांवर नवा चुना फिरवी. अशाच एका सोमवारी डोमाजीच्या सायकलरिक्षाचा धक्का लागून मी पडले. पट्ट्यांवरून मुली कुंदाच्या दोन्ही हातांना लगडून चालल्या होत्या आणि मी तिकडे पाहत होते. कोपर फुटलं. लोकांनी मला कडेला बसवलं.

हवालदार खुशालराव वही घेऊन आले. "डोमाजी, बाई पट्ट्यावर असतीन तं तुहं लायसन गेलं समज."

"नोत्या साहेब. मी घंटी वाजवून राहिलो होतो. बाईचं ध्यानच नोतं."

"तुह्या घंटीले आवाज तरी हाये का?"

कुंदा पुढे झाली. "पट्ट्यांवरच होत्या. गोदाताई नियम मोडतील का?" मग माझ्या कानाशी वाकली. "नुसतं हो म्हणा. मुलींसमोर शोभा नको."

म्हणजे आता माझी अब्रूही हिच्याच पट्ट्यांवर उभी राहणार होती.

डोमाजी रिक्षाचं हँडल घट्ट धरून माझ्याकडे पाहत होता.

मी चप्पल काढून उलटी केली. "चुना अजून ओला आहे, खुशालराव. इथे चुन्याचा ठिपकाही नाही. मी वीस पावलं अलीकडे होते."

खुशालरावांनी चप्पल निरखली. "पट्टे तं समोरच हायेत. मंग तिकून कावून, बाई?"

मी चप्पल पुन्हा पायात सरकवली. त्यांनी वही मिटली आणि डोमाजीला जा म्हणून हात केला.

"केवढं मन हो तुमचं," कुंदा म्हणाली. तिने माझी पिशवी उचलली, दंडाला धरलं आणि मला पट्ट्यांवरून शाळेत नेलं.

वर्गात फळ्यापर्यंत माझ्या चपलांचे पांढरे ठसे उमटले होते. मुली ते मोजत होत्या.